जुनी कंबरदुखी आणि धावणे : थांबायचे कधी, चालू ठेवायचे कधी

पहाटे बूट घालण्यासाठी खाली वाकावे आणि हात नाडीपर्यंत पोहोचण्याआधीच कमरेत चमक निघावी, हा अनुभव नियमित धावणाऱ्या अनेकांच्या ओळखीचा आहे. क्षणभर तसेच अर्धवट वाकून थांबायचे, मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश सरळ व्हायचे आणि दाराशी उभे राहून स्वतःला विचारायचे, की आज धावू की नको? दोन दिवसांपूर्वी उसण भरलेली असेल तर उत्तर सोपे असते; चार दिवस दमाने घ्यावे हे सगळ्यांनाच कळते. पण दुखणे वर्षभराचे किंवा त्याहून जुने असेल, कधी कमी कधी जास्त होत असेल, तर ‘बरे होईपर्यंत थांबा’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही, कारण बरे कधी होणार हे कोणालाच सांगता येत नाही.

त्यात सल्लेही एकमेकांना छेद देणारे मिळतात. एक डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून ‘आता धावणे विसरा’ असे सांगतात, फिजिओथेरपिस्ट ‘हालचाल अजिबात सोडू नका’ असे बजावतात, आणि बरोबर धावणारे जुने सोबती ‘पळत राहा, आपोआप मोकळी होईल’ असा धीर देतात. तिघांच्याही मनात आपले भलेच असते. मी स्वतः गेली काही वर्षे अशीच दुखरी कंबर घेऊन धावतो आहे. मध्यंतरी आठ महिने पूर्ण थांबलोही होतो. या सगळ्या काळात मला एक गोष्ट पटत गेली. धावावे की नाही याचे उत्तर कंबर दुखते की नाही यावरून मिळत नाही आणि फिल्मवरूनही मिळत नाही. धावल्यानंतरच्या चोवीस तासांत कंबर कशी वागते आणि पुढच्या काही आठवड्यांत दुखण्याचा कल कोणत्या दिशेने जातो, यावरून ते मिळते. असे का, हे समजण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

जुनी कंबरदुखी कशाला म्हणायचे

बरगड्यांच्या खालच्या कडेपासून नितंबांपर्यंतचा पाठीचा भाग दुखणे म्हणजे कंबरदुखी. ती बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकली, की वैद्यकात तिला जुनाट म्हणतात. स्नायूंना किंवा अस्थिबंधांना झालेली साधी इजा भरून यायला सहसा एवढा काळ पुरतो, त्यामुळे त्यानंतरही दुखत राहिले तर ‘जखम अजून भरली नाही’ एवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, आणि माणसाला रोजच्या कामांपासून अडवणाऱ्या विकारांमध्ये जगभरात ती पहिल्या क्रमांकावर आहे.

या लोकांपैकी दहातल्या साधारण नऊ जणांच्या बाबतीत अमुक हाड, अमुक नस किंवा अमुक आजार यावर खात्रीने बोट ठेवता येत नाही. अशा दुखण्याला ‘अविशिष्ट कंबरदुखी’ म्हणतात. हा शब्द ऐकून अनेकांना वाटते, की डॉक्टरांना काही कळलेले नाही किंवा दुखणे मनाचे खेळ आहेत असे ते सुचवत आहेत. तसे नाही. दुखणे पूर्णपणे खरे असते. त्याचे मूळ एकाच जागी दाखवता येत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हा लेख या नऊ जणांसाठी आहे, आणि म्हणूनच उरलेल्या दहाव्याचा विचार आधी करायला हवा, कारण पुढचे बरेचसे त्याला लागू पडत नाही.

धावण्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जावे

लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा येणे, दोन्ही पायांतले बळ कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. त्यावरचे उपचार तासांच्या हिशेबाने करावे लागतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

चालताना एका पायाचा चवडा उचलता न येणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणे, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणे सुरू होणे, कोणत्याही कुशीवर न थांबणारे रात्रीचे दुखणे, ही लक्षणेही लवकरात लवकर दाखवावीत.

याखेरीज धावणाऱ्यांनी तीन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात, कारण त्या सहज नजरेआड होतात. पहिली म्हणजे कण्याचा दाहक संधिवात. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, पहाटेच्या सुमारास झोपमोड करतो, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होतो. धावले की बरे वाटते, म्हणून माणूस वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे जातच नाही, आणि दरम्यान आजार आत आपले काम करत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे हाडावर वारंवार ताण येऊन पडणारी बारीक चीर. किशोरवयीन खेळाडूंमध्ये ती मणक्याच्या मागच्या भागात पडते आणि मागे झुकल्यावर विशेष दुखते. अंतर एकदम वाढवलेल्या किंवा पोटभर न खाता धावणाऱ्यांमध्ये ती कमरेखालच्या त्रिकास्थीतही पडू शकते. स्त्री धावपटूची पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल तर ही शंका आधी घ्यावी. तिसरी गोष्ट उतारवयातली. थोडे चालले की पाय भरून येतात, दुखतात, आणि पुढे वाकून उभे राहिले किंवा बसले की आराम पडतो, असे होत असेल तर मज्जातंतूंची वाट अरुंद झालेली असू शकते.

यांपैकी काही नसेल, किंवा डॉक्टरांनी तपासून ते नाही असे सांगितले असेल, तर पुढे वाचावे.

‘पण एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते आहे’

कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, जिला आपण बोलताना गादी म्हणतो. तिचा गाभा पाणीदार, जेलीसारखा असतो आणि भोवती चिवट तंतूंची अनेक पदरी कड असते. वय वाढते तसे गाभ्यातले पाणी कमी होते, गादीची उंची घटते, कड कुठेतरी बाहेर फुगते. एमआरआयच्या अहवालात हे सगळे फार भीतिदायक शब्दांत लिहिलेले असते. ‘मणक्यात गॅप आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा अहवालात नेमके उलटे असते : दोन मणक्यांमधले अंतर कमी झालेले असते.

हे बदल दुखण्याचे कारण असतीलच असे मात्र नाही. १९९४ साली अमेरिकेत ९८ अशा लोकांचे एमआरआय काढले गेले, ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. सगळ्या गाद्या धड असलेले फक्त ३६ टक्के होते. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांमधल्या मिळून ३११० न दुखणाऱ्या माणसांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये गादीची झीज आढळली.

घरात ओल येते म्हणून भिंतींचे फोटो काढले, तर जुन्या घरात चार-पाच तडे दिसणारच. पण पाणी त्यांपैकी एखाद्या तड्यातून येते आहे, की भलत्याच ठिकाणी फुटलेल्या पाइपातून, हे फोटो पाहून कळत नाही. एमआरआय निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. वर सांगितलेली लक्षणे असतील किंवा पायात उतरणारी सायटिकाची कळ वाढतच असेल, तर तो काढायलाच हवा. पण नुसत्या अहवालातल्या शब्दांवरून धावणे सोडण्याचा निर्णय घेऊ नये. माझ्या आठ महिन्यांच्या थांबण्यामागे अशीच एक अहवालातली ओळ होती, आणि त्या आठ महिन्यांत कंबर काही सुधारली नाही.

धावण्याचे हादरे मणक्यांना सोसतात का

ही शंका सर्वांत स्वाभाविक आहे. धावताना प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीनपट जोर परत येतो. पण तो सगळाच्या सगळा कमरेपर्यंत पोहोचत नाही; घोटा, गुडघा, खुबा आणि त्यांभोवतीचे स्नायू वाटेत त्यातला बराच भाग झेलतात.

१९९९ साली जर्मन संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीत दाब मोजणारे बारीक उपकरण बसवले आणि त्याची दिवसभराची कामे नोंदवली. दाबाचे एकक मेगापास्कल. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब साधारण ०.२ मेगापास्कल असतो, एवढे अंदाजासाठी पुरे. आडवे पडल्यावर गादीतला दाब ०.१० होता, सरळ उभे राहिल्यावर ०.५०. सावकाश धावताना तो ०.३५ ते ०.८५ यांच्या दरम्यान वरखाली होत होता. आणि पाठ वाकवून २० किलोचे ओझे उचलताना तो २.३ वर गेला. म्हणजे पाण्याची भरलेली बादली वाकून उचलताना कमरेवर जो ताण येतो, त्यापेक्षा धावताना प्रत्येक पावलागणिक येणारा ताण बराच कमी असतो. हे मोजमाप एकाच माणसाचे आहे आणि दाब म्हणजे सगळा ताण नव्हे, हे खरे. तरीही ‘धावणे म्हणजे मणक्यांवर हातोडा’ ही आपली समजूत त्यावरून बरीच सैल होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला लागणारे पोषण शेजारच्या हाडांतून झिरपत येते, आणि दाब पडणे व सुटणे यांमुळे स्पंजासारखे पाणी आत-बाहेर होते. दिवसभरात गाद्यांमधले पाणी पिळून निघाल्यामुळे आपली उंची संध्याकाळपर्यंत एक-दोन सेंटिमीटरने घटते आणि रात्री झोपेत ती भरून येते. अशा अवयवाला कायमची विश्रांती देणे म्हणजे त्याची उपासमार करणे. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किमान पाच वर्षे नियमित धावणाऱ्यांच्या गाद्या खेळ न खेळणाऱ्यांच्या तुलनेत अधिक पाणीदार आढळल्या. आठवड्याला २० ते ४० किलोमीटर धावणाऱ्यांमध्येही हा फरक दिसला. झपाझप चालणे आणि संथ धावणे यांतून येणारा ताण गादीला बहुधा सर्वांत मानवणारा असावा, असेही त्यातून सूचित झाले. अर्थात ज्यांची कंबर मुळात चांगली, तेच पाच वर्षे धावत राहिले असतील, ही शक्यता अशा अभ्यासात उरतेच.

मग धोका कशात आहे? आकड्यात आहे. मिनिटाला १६० ते १७० पावले धरली तर अर्ध्या तासात सुमारे पाच हजार वेळा पाऊल आदळते. एकेक हादरा लहान असला तरी हजारोंच्या संख्येने येतो, आणि शरीराला त्याची सवय किती आहे यावर सगळे अवलंबून असते. कुदळ कधीच न धरलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी चार तास खणले तर तळहाताला फोड येतात. रोज थोडे थोडे खणले तर त्याच हाताला घट्टे पडतात.

‘दुखते आहे म्हणजे इजा होतेच आहे ना?’

ताज्या दुखापतीत हे बहुतांशी खरे असते. जुनाट दुखण्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. वेदना हा शरीराचा इशारा आहे, मोजपट्टी नव्हे. दुखण्याच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा प्रत्यक्ष इजेशिवायही वेदना खरी असू शकते ही बाजू तिने स्पष्टपणे सामावून घेतली.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. महिनोन्महिने दुखण्याचे संदेश वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेचेही असेच होते. पूर्वी ज्या ताणाची ती दखलही घेत नसे, त्यावर आता ती ओरडून सावध करते. याला संवेदनशीलता वाढणे म्हणतात. अपुरी झोप, मनावरचा ताण आणि ‘माझा मणका खिळखिळा झाला आहे’ ही भीती, या तिन्हींनी ती आणखी वाढते. भीती वाटली की माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू आणि गाद्यांची सोसण्याची ताकद घटते, मग पूर्वीपेक्षा कमी हालचालीनेही दुखते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. या चक्रात अडकलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. जमिनीवर पडलेली किल्लीसुद्धा ती श्वास रोखून, कंबर लाकडासारखी ताठ धरून उचलतात, आणि त्या ताठरपणानेच कंबर आणखी दुखते.

विश्रांतीवरचा आपला विश्वासही यातूनच आलेला आहे. कंबर धरली की आठवडा-दोन आठवडे अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला एके काळी सर्रास दिला जात असे. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले गेले. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या सुट्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि बरे होण्यात मात्र ते कुठेही मागे पडले नाहीत.

याचा अर्थ दुखणे दाबून धावत सुटावे असा कोणी काढू नये. इशारा अतिसावध असला तरी तो इशाराच असतो. तो ऐकायचा, पण त्याचे वजन करून ऐकायचे. ते वजन कसे करायचे, याकडे वळण्याआधी प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतात ते पाहू.

जुनी कंबरदुखी असलेल्यांनी धावून पाहिले तेव्हा

इतकी वर्षे व्यायामाचे जे प्रयोग झाले ते मुख्यतः चालणे, योगासने, पिलाटीस, पोट व पाठीचे व्यायाम यांचे होते. धावण्याचा नीट बेतलेला प्रयोग २०२४ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाला. अविशिष्ट जुनी कंबरदुखी असलेले ४० जण त्यात होते आणि त्यांचे सरासरी वय ३३ होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाने बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, थोडे धावणे व थोडे चालणे असा क्रम पाळून धावण्याचा वाटा हळूहळू वाढवला. शंभरच्या मापावर त्यांचे सरासरी दुखणे दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १५ गुणांनी उतरले आणि दैनंदिन हालचालीही थोड्या सुकर झाल्या. धावण्याशी संबंध असू शकेल अशा ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेक पायांच्या होत्या. पाठीची तक्रार एकच होती.

चाळीस माणसांचा प्रयोग लहानच म्हणायचा, आणि साठीच्या माणसाने त्यावरून थेट निष्कर्ष काढू नये. पण ‘जुनी कंबरदुखी असताना धावणे घातकच’ हा दावा त्यापुढे टिकत नाही, आणि माझ्या मते एवढे कळणेही मोठे आहे.

मात्रा कशी ठरवायची

आता प्रश्न ‘धावू का’ असा न विचारता ‘किती धावू’ असा विचारता येतो. त्यासाठी क्रीडावैद्यकात एक सोपी पद्धत वापरतात. ती मुळात गुडघा आणि टाचेमागच्या स्नायुबंधाच्या दुखण्यासाठी तयार झाली, पण कमरेसाठीही तिचा उपयोग होतो. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. धावताना दुखणे दोनपर्यंत राहिले तर निश्चिंत असावे. तीन ते पाच हा चालवून घेण्याजोगा पट्टा आहे, पण त्याला दोन अटी आहेत : दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे नेहमीच्या पातळीवर यायला हवे, आणि आठवड्यामागून आठवडा ते चढत जाता कामा नये. पाचाच्या वर गेले, किंवा कळ कमरेतून पायात उतरू लागली, तर त्या दिवशी तिथेच चालायला लागावे.

यातली सकाळची अट सर्वांत मोलाची आहे. धावताना अंग तापलेले असते, मन उत्साहात असते, आणि त्या अर्ध्या तासात कंबर खूपदा खोटे बोलते, चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही. मी उशाशी एक छोटी वही ठेवतो आणि उठल्यावर तीनच गोष्टी लिहितो : काल किती मिनिटे धावलो, आज सकाळी दुखणे किती, झोप कशी झाली. तीन आठवड्यांनी ती वही चाळताना जे दिसले त्याने मी चकित झालो होतो. वाईट सकाळी लांब धावण्यानंतरच्या नव्हत्या. त्या कमी झोपेच्या आणि दिवसभर खुर्चीत बसून काढलेल्या दिवसांनंतरच्या होत्या. प्रत्येकाच्या वहीत हेच निघेल असे नाही, आणि म्हणूनच वही स्वतःची हवी.

बराच काळ थांबलेल्या माणसाने एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम धरून वीस ते तीस मिनिटे करावीत, आठवड्यातून तीनदा, मधे एकेक दिवस सोडून. सकाळच्या नोंदी दोन आठवडे स्थिर राहिल्या की धावण्याची मिनिटे थोडी वाढवावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अंतर, वेग आणि चढ एकाच आठवड्यात वाढवले तर दुखणे वाढल्यावर कोणाला जबाबदार धरायचे हेच कळत नाही. वेग सर्वांत शेवटी. पावले थोडी आखूड आणि जलद टाकली, म्हणजे मिनिटाची पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो, आणि अनेकांच्या कमरेलाही ते मानवते.

सुरुवातीला ज्या नाडीपाशी आपण अडलो, तिचेही कारण आता सांगता येईल. रात्रभर आडवे पडल्यावर गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात. वर सांगितलेल्या मोजमापातच झोपेत गादीतला दाब ०.१० वरून ०.२४ पर्यंत चढलेला आढळला होता. अशा टम्म गादीवर उठल्या उठल्या वाकण्याचा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सकाळच्या पहिल्या काही तासांत वाकणे टाळायला शिकवल्यावर जुनी कंबरदुखी कमी झाल्याचे दिसले. म्हणून पहाटे धावणाऱ्याने उठल्यावर निदान अर्धा-पाऊण तास घरात वावरावे आणि बूट उंच स्टुलावर पाय ठेवून किंवा खुर्चीत बसून घालावेत. बदल क्षुल्लक वाटतो, पण मला त्याचा गुण सर्वांत लवकर आला.

आणखी काही शंका

पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट होईपर्यंत धावू नये का? बळकटीचे व्यायाम जरूर करावेत, आठवड्यातून दोनदा केले तरी चालतील, पण ती धावण्याची प्रवेशपरीक्षा समजू नये. दोन्ही बरोबरीने चालू शकतात.

कंबरेचा पट्टा बांधून धावावे का? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवरची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत बेतशीर व्यायाम आणि आजाराची नीट माहिती देणे यांची शिफारस आहे, तर पट्टे, वजन लावून कंबर ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे म्हटले आहे. साधी वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मात्र मला स्वतःला पटत नाही, कारण ज्या इशाऱ्याचे वजन करायचे तोच आपण गप्प करून ठेवतो.

बूट आणि जमीन यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. पायाला आरामदायक वाटतील ते बूट घालावेत, आणि रस्ता बदलायचा तर तोही हळूहळू बदलावा.

मग चालण्यावरच का भागवू नये

अवश्य भागवावे, जर धावण्याची ओढ नसेल तर. चालण्याच्या बाजूचा पुरावा धावण्याच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांपैकी ज्यांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम आणि मार्गदर्शन मिळाले, त्यांचे दुखणे पुन्हा उद्भवायला मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, इतरांना ११२. कंबरेच्या दृष्टीने पाहिले तर धावणे हे काही वरच्या पायरीचे औषध नाही.

पण धावणे ही अनेकांसाठी व्यायामापलीकडची गोष्ट असते. त्या तासात डोके मोकळे होते, रात्री झोप लागते, सोबत्यांची भेट होते. ते हिरावले गेल्यावर झोप आणि मन दोन्ही बिघडतात, आणि या दोन्हींचा कंबरदुखीशी असलेला संबंध वर आलाच आहे. म्हणून ‘चालणे आहे ना, धावायचे कशाला’ असे दुसऱ्याला सहज सांगू नये. त्याने काय सोडायचे हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

आणि दुखणे उसळले तर

ते कधी ना कधी उसळणारच. जुन्या कंबरदुखीचा तो स्वभावच आहे, आणि न धावणाऱ्यांचीही उसळते. अशा वेळी दोन-चार दिवस धावणे थांबवून चालत राहावे, सकाळचे दुखणे नेहमीच्या पातळीवर आले की आधी धावत होतो त्याच्या साधारण निम्म्यापासून पुन्हा सुरू करावे. चार आठवड्यांत दोनदा उसळले तर मात्रा जास्त आहे असे समजून ती खाली आणावी. मात्रा खाली आणूनही सकाळच्या नोंदी आठवड्यामागून आठवडा चढतच असतील, पायात मुंग्या किंवा बधिरपणा नव्याने येऊ लागला असेल, किंवा एक मिनिट धावून दोन मिनिटे चालण्याचा क्रमही बारा आठवड्यांनंतर झेपत नसेल, तर धावणे थांबवून वहीसह डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जावे. ‘धावले की दुखते’ या तक्रारीपेक्षा किती मिनिटांनी, किती, आणि किती तास दुखते हे लिहिलेली तीन महिन्यांची वही तपासणाऱ्याला पुष्कळ काही सांगते. धावणे कायमचे बंद करण्याचा सल्ला त्या वहीकडे पाहून मिळाला, तर तो मी मानेन.